जनरलसाहेब, अर्ज कधी भरताय?

गेल्या वेळी या सदरात निवडणूक लढवणाऱ्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग पडला. माझी नोकरी लष्कराच्या न्याय शाखेत, म्हणजे आमच्या बोलीत 'जॅग'मध्ये झाली. त्यामुळे कायद्याचे प्रश्न आले तर मला आनंदच. पण बहुतेकांना कायदा नको होता, माझं मत हवं होतं. दोन्ही देतो.

प्रश्न : लष्करप्रमुखपदावरून उतरलेला माणूस दुसऱ्याच दिवशी पक्षात जाऊ शकतो का? (निवृत्त शिक्षक, वाई)

जाऊ शकतो. रात्री मेसमध्ये निरोपाचं जेवण आणि सकाळी गळ्यात पक्षाचा गमछा, कायदा आडवा येत नाही.

आडवा येतो तो नोकरीत असेपर्यंत. घटनेच्या कलम ३३ ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यातून १९५० चा लष्कर कायदा आणि १९५४ चे नियम आले. पक्षाच्या सभेला जायचं नाही, भाषण करायचं नाही, वर्गणी द्यायची नाही. मत द्यायचा हक्क तेवढा शाबूत. निवृत्त झाला की तो तुमच्या-माझ्यासारखा नागरिक, आणि पेन्शन हे काही उमेदवारीला आड येणारं सरकारी 'लाभाचं पद' नव्हे.

घोळ होतो तो मुदतीआधी बाहेर पडणाऱ्यांचा. 'मी राजीनाम्याचा कागद टाकलाय' म्हणून भागत नाही. अर्जांच्या छाननीच्या दिवशी तुम्ही सेवेतून खरोखर मोकळे झालेले असावे लागता. आणि कोणी बडतर्फ झाला असेल आणि त्याला पाच वर्षं झाली नसतील, तर भ्रष्टाचार किंवा देशद्रोहासाठी काढलेलं नाही, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावं लागतं. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले जवान तेज बहादूर यादव यांचा वाराणसीतला अर्ज २०१९ मध्ये याच एका कागदापायी बाद झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण निकाल फिरला नाही.

प्रश्न : डॉक्टर, वकील, कलेक्टर सगळे निवडणुकीला उभे राहतात. मग जनरल उभा राहिला की तुम्हा लोकांच्या कपाळाला आठ्या का? (अभियंता, नाशिक)

आठ्या माझ्याही आहेत, तेव्हा 'तुम्हा लोकां'त मला धरायला हरकत नाही.

उभं राहण्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न तारखांचा आहे. जनरल व्ही. के. सिंग ३१ मे २०१२ रोजी लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले. सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडीला माजी सैनिकांच्या मेळाव्यात ते नरेंद्र मोदींच्या शेजारी व्यासपीठावर होते. मार्च २०१४ मध्ये भाजपमध्ये आले आणि मे महिन्यात गाझियाबादचे खासदार झाले. सगळं कायदेशीर. पण ज्या माणसाने जन्मतारखेच्या वादात सेवेत असतानाच सरकारला न्यायालयात खेचलं, तो दोन वर्षांच्या आत त्याच सरकारविरुद्ध प्रचाराला उभा राहिला, तर मागच्या भांडणाकडे लोक नव्या नजरेने बघतात. ती नजर चुकीचीही असेल. तरी ती त्या एका माणसावर थांबत नाही, त्याच्या खुर्चीवर नंतर बसणाऱ्यावरही जाते.

दुसरं उदाहरण हवाई दलाचं. एअर चीफ मार्शल भदौरिया सप्टेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२४ मध्ये भाजपमध्ये आले. राफेल विमानांच्या खरेदीच्या वाटाघाटी करणाऱ्या भारतीय पथकाचे ते प्रमुख होते. आता त्या वाटाघाटी कितीही चोख झालेल्या असोत, पक्षप्रवेशाच्या फोटोनंतर विरोधकाच्या हातात आयता दगड येतो. (त्यांना तिकीट काही मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी.)

कलेक्टरच्या बाबतीतही हे होतंच. निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये बड्या अधिकाऱ्यांसाठी निवृत्ती आणि उमेदवारी यांच्यामध्ये काही काळ जाऊ द्यावा, असं सुचवलं होतं. सरकारने ते मानलं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तशी याचिका आली, तेव्हा न्यायालय म्हणालं, हे काम कायदेमंडळाचं. आणि कायदेमंडळात बसलेल्यांनाच तर हे उमेदवार हवे असतात!

खासगी कंपनीत जायचं असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर सरकारची परवानगी लागते. कंपनीसाठी लागते आणि पक्षासाठी लागत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. इस्राएलने २००७ मध्ये वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांसाठी राजकारणात येण्याआधी थांबायची मुदत तीन वर्षं केली. पाकिस्तानच्या राज्यघटनेत दोन वर्षांची अट आहे. पण तिथल्या जनरलांना सत्तेत यायला निवडणुकीची वाट कधी धरावीच लागली नाही! मला विचाराल तर लेफ्टनंट जनरल आणि त्यावरच्यांना तीन वर्षं थांबवावं. मेजर-कर्नलांना खुशाल जाऊ द्या.

प्रश्न : फौजी माणसाला लोक भरभरून मतं देत असतील ना? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

टाळ्या भरभरून देतात. मतांचं तसं नाही.

मुंबईचीच गोष्ट घे. १९७१ च्या लोकसभेला ईशान्य मुंबईतून जनरल करिअप्पा अपक्ष उभे होते. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख. १५ जानेवारी १९४९ ला त्यांनी सूत्रं घेतली, म्हणून आपण त्या दिवशी सेना दिन पाळतो. शिवसेनेचा पाठिंबा होता. तरी काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांना पाडलं. पुढे १९८६ मध्ये ते फील्ड मार्शल झाले, खासदार कधीच झाले नाहीत.

व्ही. के. सिंग गाझियाबादला साडेपाच लाखांहून जास्त मतांनी आले खरे, पण त्या वर्षी लाट होती आणि मतदारसंघ पक्षाचा होता. उलट २०१७ मध्ये पतियाळात माजी लष्करप्रमुख जे. जे. सिंग अकाली दलातर्फे कॅप्टन अमरिंदर सिंगांसमोर उभे राहिले. जनरलचं डिपॉझिट गेलं, कॅप्टन मुख्यमंत्री झाला. २०१४ ला बाडमेरमध्ये कर्नल सोनाराम यांनी मेजर जसवंत सिंगांना सुमारे ८७ हजारांनी हरवलं. तिथे रँकचा क्रम जुळला म्हणायचं, पण जसवंत सिंग परराष्ट्र आणि अर्थ खातं सांभाळून आलेले होते, ते काही कामी आलं नाही.

आणि मेजर जनरल खंडुरी. वाजपेयींच्या काळात रस्त्यांचं खातं गाजवलेला, शिस्तीचा, स्वच्छ माणूस. २०१२ ला उत्तराखंडात भाजपची घोषणाच होती, 'खंडुरी है जरूरी'. पक्षाला ३१ जागा मिळाल्या, काँग्रेसला ३२. पडलेल्यांत कोटद्वारहून खुद्द मुख्यमंत्री खंडुरी!

का होतं असं? माझा एक कोर्समेट नगरपालिकेला उभा होता. पहिली कोपरासभा सहाची. साहेब पाच पंचावन्नला हजर, कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. सतरंजी अजून गुंडाळलेली, माईकवाला चहाला गेलेला. लोक जमले पावणेआठला. तोवर साहेबांनी तीन कार्यकर्त्यांना वेळेवरून झापलं होतं, त्यातले दोघे दुसऱ्या दिवशी समोरच्या उमेदवाराच्या गाडीवर दिसले. मग एक बाई उठून म्हणाली, "नळाला पाणी रात्री दोनला येतं." हा म्हणतो, "लेखी द्या, बघतो." छत्तीस वर्षं त्याने हुकूम दिले होते किंवा पाळले होते. कोणाकडे काही मागितलं नव्हतं. हात जोडायला तो शेवटच्या आठवड्यात शिकला, आणि मला वाटतं त्या आठवड्यात मिळाली तेवढीच मतं त्याची स्वतःची.

प्रश्न : आमच्या प्रभागात एक निवृत्त ब्रिगेडियर उभे आहेत. पोस्टरवर गणवेशातला फोटो लावावा का? (सोसायटीचे सचिव, पुणे)

लावू नका. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नयेत, असं निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये पक्षांना कळवलं होतं. मार्च २०१९ मध्ये, बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फलकांचा सुळसुळाट झाल्यावर, पुन्हा बजावलं. महापालिकेची निवडणूक राज्य आयोगाकडे असते हे खरं, पण संकेत तोच.

नावाआधी रँक लावायला हरकत नाही. फक्त 'ब्रिगेडियर (नि.) अमुक' असं छापू नका, 'ब्रिगेडियर अमुक (नि.)' असं छापा. आमच्यात म्हणतात, रँक निवृत्त होत नाही, माणूस होतो. साहेबांच्या नजरेला प्रूफमधली ही चूक सगळ्यात आधी पडेल.

प्रश्न : निवडणुकीच्या धुळवडीपेक्षा राज्यसभा बरी नाही का? (गृहिणी, मडगाव)

बरी, आणि वहिवाटही जुनी. ढाक्यात शरणागती स्वीकारणारे जनरल अरोरा १९८६ मध्ये अकाली दलातर्फे राज्यसभेत गेले, माजी लष्करप्रमुख शंकर रॉयचौधरी १९९९ मध्ये पश्चिम बंगालमधून. राजभवनाची वाट तर आणखी मळलेली आहे, तुमच्या गोव्यात १९९८ मध्ये जनरल जेकब राज्यपाल होऊन आलेच होते. पण मागच्या दाराने गेलं म्हणून वर लिहिलेली शंका कमी होत नाही. उलट देणारा एकच असतो आणि तो दिसतो.

प्रश्न : हे सगळं जनरलांचं झालं. माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गावात ग्रामपंचायतीला उभे राहणार म्हणतात. आई नको म्हणते. काय करावं? (एक मुलगी, ता. कोरेगाव, जि. सातारा)

आईचं काय ते तुम्ही घरात बघा. वडिलांना मात्र माझा सलाम कळवा. तीन वर्षं थांबायची जी अट मी वर मागितली, ती त्यांना लागू नाही. राफेलच्या फायली काही त्यांच्या टेबलावर नव्हत्या.

कागदाचं तेवढं सांभाळा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यं दोनापेक्षा जास्त झालेली नाहीत ना, हे बघा. थकबाकी बघा, बिल आल्यावर तीन महिन्यांत भरणा नसेल तर विरोधक तिथेच बोट ठेवतो. २०२० पासून माजी सैनिकांना घरपट्टीत माफी आहे, पण ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्यांच्या नावावर चढली आहे का? आणि पाणीपट्टी वेगळी. 'मला सगळं माफ आहे' या समजुतीत बसलेला एक हवालदार मी पाहिला आहे, अर्ज भरायच्या आदल्या रात्री तो ग्रामसेवकाला शोधत टॉर्च घेऊन फिरत होता.