फी नावापुरती असूनही आरोग्य केंद्र ओस का पडतं?

तुम्ही विचारलंय की दुर्गम भागात कमी पैशांत उपचार देणारी आरोग्य केंद्रं खरंच चालतात का, कारण तुमच्या पाहण्यातल्या केंद्रात फी नावापुरती असूनही शुकशुकाट असतो.

चालतात. मी अशा एका केंद्रात बारा वर्षं औषधांच्या खिडकीमागे काढली आहेत. त्या खिडकीतून एक गोष्ट डॉक्टरांपेक्षाही स्पष्ट दिसते: कोण परत आलं आणि कोण आलं नाही.

केसपेपरचे पैसे हा रुग्णाच्या खर्चातला सगळ्यात किरकोळ भाग. जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, म्हातारं माणूस असेल तर सोबत येणाऱ्याचाही दिवस, आणि एवढं करून डॉक्टर भेटतील का, औषध मिळेल का ही धाकधूक. दोन हेलपाटे फुकट गेले की तिसऱ्यांदा माणूस येत नाही. तो दुखणं अंगावर काढतो आणि शेवटी कर्ज काढून मोठ्या दवाखान्यात जातो.

यात माझी स्वतःची एक चूक सांगतो. एकदा रक्तदाबाच्या गोळ्यांचा साठा कमी आला. सगळ्यांना पुराव्यात म्हणून मी महिन्याऐवजी दहा-दहा दिवसांच्या गोळ्या द्यायला लागलो. मला वाटलं, काय समंजस वाटप केलंय! पण त्यामुळे लोकांच्या एका खेपेच्या तीन खेपा झाल्या. रक्तदाब दुखत नाही हो. न दुखणाऱ्या आजारासाठी महिन्यातून तीनदा दिवसाची मजुरी कोण बुडवील? साठा पूर्ववत झाला तोवर रजिस्टरमधली बरीच नावं गळाली होती. ती परत आणली आमच्या आरोग्यसेविकेने, घरोघरी जाऊन. माझ्या खिडकीवर लावलेल्या सूचनेने एकही माणूस परत आला नाही.

म्हणून माझ्या मते अशा केंद्राचा कणा म्हणजे घरापर्यंत जाणारं माणूस. डॉक्टरही त्याच्यानंतर. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना शिकवून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचताही येत नव्हतं. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, गरोदर बाईवर लक्ष ठेवणं, खोकला लांबला की तपासणीला पाठवणं, या कामांना पदवी लागत नाही. लागतो तो शेजाऱ्यांचा विश्वास, आणि तो बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्या वर्षात मिळत नाही.

ही कल्पना त्याहून जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये असं केंद्र उभारलं. तिथे काम पाहून गेलेल्या जॅक गायगर या अमेरिकन विद्यार्थ्याने पुढे डॉक्टर झाल्यावर मिसिसिपीतल्या माऊंड बायू या गावी १९६७ मध्ये केंद्र सुरू करण्यात पुढाकार घेतला. मुलं उपाशी होती, तर हे डॉक्टर चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून द्यायला लागले आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर टाकायला लागले. वरून आक्षेप आला, तेव्हा गायगर यांचं उत्तर असं होतं की आमच्या पुस्तकांत कुपोषणावरचा उपचार अन्न हाच दिलाय. विहिरी आणि संडासांची कामंही त्याच केंद्राने केली. पाणी घाण असेल तर जुलाबाची औषधं किती दिवस वाटणार?

आता फीचं. "फुकटाची किंमत राहत नाही" हे मीही खूप वर्षं म्हणायचो. केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या देऊन हे तपासलं गेलं. थोडीशी किंमत लावताच घेणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली, आणि ज्यांना फुकट मिळाली त्यांनी ती कमी वापरली असंही दिसलं नाही. तेव्हापासून मी ते वाक्य सोडलं. अमेरिकेतली अनुदानित केंद्रं उत्पन्नाप्रमाणे फी कमी करतात आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. शिवाय तिथल्या नियमाने अशा केंद्राच्या संचालक मंडळात किमान ५१ टक्के सदस्य त्याच केंद्राचे रुग्ण असावे लागतात. मला हा नियम फार आवडतो. दवाखाना सकाळी उघडावा की संध्याकाळी, हे मजुरीवर जाणाऱ्या बाईइतकं नेमकं कोण सांगेल?

मर्यादा मात्र आहेत. अडलेलं बाळंतपण, शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका यांना मोठं रुग्णालयच लागतं. तिथवर नेणारं वाहन आणि फोन उचलणारं माणूस नसेल, तर "पुढे पाठवलं" ही नोंद कागदावरच राहते.

तुमच्या केंद्राची पारख करायची असेल तर रांगेवर जाऊ नका. साथीच्या दिवसांत रांग कुठेही लागते. आत जाऊन दोन गोष्टी विचारा: रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या गेल्या सहा महिन्यांत किती दिवस संपलेल्या होत्या? आणि या महिन्यात जे यायला हवे होते पण आले नाहीत, त्यांची यादी आहे का? यादी असेल तर ती घेऊन कोण कुणाच्या घरी गेलं, तेही विचारा. यादीच नसेल, तर शुकशुकाट का आहे हे शोधायला तिथूनच सुरुवात करा.