थिरथिरा गेला कुठे?

प्रश्न : आमचे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. दिवाळीपासून आमच्या परसात चिमणीएवढा एक पक्षी रोज येत असे. पाठ आणि छाती काळी, पोट विटकरी, आणि बसल्या जागी शेपटी सारखी थरथरत असे. तुळशीवृंदावनावरून टुणकन खाली उतरून मुंगी टिपायची आणि परत जागेवर जाऊन बसायचे, हा त्याचा क्रम होता. होळीनंतर तो दिसेनासा झाला. शेजारच्या मांजराने त्याला धरले असेल का? पुढच्या वर्षी दाणे घातले तर तो कायमचा राहील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मांजरावर एवढ्यात आळ घेऊ नये. आपण वर्णन केलेला पक्षी कृष्ण थिरथिरा असून तो नर आहे. मादी तपकिरी असते, मात्र शेपटीची थरथर दोघांचीही सारखीच. तो आपल्याकडे केवळ हिवाळ्यापुरता येतो. त्याची वीण हिमालयाच्या उंच भागात, लडाख-तिबेटकडे आणि मध्य आशियात, बर्फ वितळून दगडांच्या कपारी मोकळ्या झाल्यावर होते.

यावर चौकस वाचक विचारतील, की मार्चमध्ये लडाखात बर्फ असतानाच त्याने साताऱ्यातून निघण्याची घाई का करावी? तिथल्या बर्फाची वार्ता त्याला इथे बसून कळत नाही. त्याला कळते ते दिनमान. साताऱ्यात डिसेंबरअखेर सुमारे ११ तासांचा असलेला दिवस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांवर जातो, आणि या वाढत्या उजेडाने पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, भूक वाढते आणि प्रवासाच्या शिदोरीसाठी कातडीखाली चरबी साठू लागते. पुढचा प्रवास तो टप्प्याटप्प्याने करतो आणि बर्फ जसजसे मागे हटेल तसतसा वर चढत जातो.

दाण्यांकडे तो ढुंकूनही पाहणार नाही, कारण त्याचे मुख्य खाणे मुंग्या, भुंगेरे आणि इतर किडे हेच आहे. त्यापेक्षा परसाच्या एका कोपऱ्यातील पालापाचोळा तसाच राहू द्यावा आणि झाडांवर कीटकनाशक मारू नये. तो शेवटचा दिसला ती तारीख मात्र आठवत असेल, तर कालनिर्णयाच्या त्या चौकोनात आजच लिहून ठेवावी; ऑक्टोबरात तो परत येईल, तेव्हा तो किती दिवस बाहेर होता हे मोजायला ती उपयोगी पडेल.

प्रश्न : पंधरा दिवसांपासून एक इवलासा काळा-निळा पक्षी आमच्या स्कूटरच्या आरशावर चोची मारतो आहे. त्याला वेड तर लागले नाही ना?
– एक वाचक, वाई

उत्तर : वेड नव्हे, हद्दीचे भांडण आहे. हा जांभळा शिंजीर. थंडीत त्याचे पोट पिवळट होते आणि त्यावर मधोमध एकच काळा पट्टा होता; आता विणीचा चकचकीत पोशाख चढल्यामुळे आरशातला नर त्याला घुसखोर वाटतो. आरशावर जुना पायमोजा चढवावा, म्हणजे तो उगाच दमणार नाही. त्याची मादी घरटे बांधताना काड्या आणि सालीचे तुकडे कोळ्याच्या जाळ्याने सांधते, म्हणून पाडव्याच्या साफसफाईत पडवीच्या एका कोपऱ्यातील जळमटे तेवढी काढू नयेत. घरातली मंडळी कुरकुरतील, पण ती याच दिवसांत तिला हवी असतात.