एकाचे दोन दिसतात तेव्हा

प्रश्न : माझे सासरे ६३ वर्षांचे, बरीच वर्षं शुगर आहे. पंधरवड्यापूर्वी सकाळी उठले तेव्हापासून त्यांना एकाचे दोन दिसतात. उजवीकडे बघितलं की जास्तच. पोथी वाचताना फारसं जाणवत नाही, पण रस्त्यापलीकडची माणसं दोन-दोन दिसतात. कोणताही एक डोळा झाकला की एकच दिसतं. नवा चश्मा केला, फरक नाही. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या सहाव्या नसेचा लकवा आहे, तीनेक महिन्यांत सुधारेल. हे ऐकल्यापासून सासूबाईंना घास उतरत नाही. हा अर्धांगवायू तर नाही ना? डोळ्यांचे व्यायाम करावेत का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना जेवायला बसवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा अर्धांगवायू वाटत नाही.

एक डोळा झाकून पाहिलंत, हे फार चांगलं केलंत. झाकल्यावर दुसरी प्रतिमा जाते, म्हणजे दोष नंबरात नाही. दोन्ही डोळे एकाच जागी रोखले जात नाहीत, म्हणून चश्म्याने फरक पडला नाही. प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात आणि त्यांना मेंदूकडून तीन नसा हुकूम देतात. सहाव्या नसेकडे एकच स्नायू, डोळा कानाकडे वळवणारा. तो ढिला पडला की त्या बाजूला आणि लांबचं बघताना दोन दिसतं. जुन्या मधुमेहात नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात. अशा बहुतेकांचा डोळा तीन महिन्यांत पूर्ववत होतो. मात्र मेंदूचा झटका येण्यामागेही शुगर आणि बीपीच असतात. दोन्ही तपासून घ्या, एचबीए१सीसुद्धा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी.

आता जे मला प्रत्येक घरात माहीत असायला हवं आहे ते सांगते. तिसरी नस चार स्नायू चालवते, पापणी उचलते आणि बाहुली लहान करते. ती गेली की पापणी खाली येते, डोळा बाहेर आणि खाली वळतो. पापणी मिटल्यामुळे दोन दिसतच नाही, आणि माणसं ‘थकवा असेल’ म्हणून घरी बसतात. बसू नका. पापणी बोटाने उचला आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का बघा. बाहुलीचे तंतू या नसेच्या बाहेरच्या थरातून जातात. मधुमेह बहुधा नसेचा गाभा पकडतो, म्हणून बाहुली वाचते. पण शेजारच्या रक्तवाहिनीला फुगा आला तर तो बाहेरून दाबतो आणि बाहुली मोठी होते. तो फुगा फुटला तर जीव जाऊ शकतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी, रात्र असली तरी, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन होणाऱ्या रुग्णालयात न्या. बाहुली सारखी दिसली तरी पापणी पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

सासऱ्यांना उलट्यांसह डोकं दुखणं, बोलताना अडखळणं, हातपाय जड पडणं, कानशिलं दुखणं किंवा चावताना जबडा दुखणं, यातलं काही सुरू झालं तर तीन महिने थांबायचं नाही. गाल दुखणं, नाकातून काळसर स्राव येणं, हेही तसंच. २०२१मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने आपल्याकडे किती मधुमेही माणसांचे डोळे नेले, ते विसरता येत नाही.

व्यायामाने ही नस लवकर भरून येत नाही. मालिश, तेलाचे थेंब, काहीही नको. चश्म्याच्या एका काचेवर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावा, दोन दिसणं लगेच थांबेल. ही पट्टी आराम पडावा म्हणून, औषध नव्हे. मोटारसायकल बंद, आणि जिना उतरताना कठडा धरायला सांगा.

तीन महिन्यांत डोळा बाहेर सरकला नाही किंवा मध्येच दुसरी हालचाल अडली, तर एमआरआय हवाच. त्यानंतरही तिरळेपणा उरला तर प्रिझमचा, म्हणजे दोन प्रतिमा एकत्र आणणाऱ्या काचेचा, चश्मा आहे, आणि निदान सहा महिने वाट पाहून, तिरळेपणा स्थिर झाल्यावर शस्त्रक्रियाही करता येते.