गोळा चिलखत भेदेल का, या हिशेबात त्याचा कुठला वेग धरायचा?
नुसता व्यास बघून तोफ जोखू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन आणि पँथर या दोन्ही रणगाड्यांची तोफ ७५ मिमीची, चिलखतभेदी गोळाही दोघांचा साधारण ६.८ किलोचा. पण नळीतून सुटताना शर्मनचा वेग सेकंदाला ६१९ मीटर, पँथरचा ९३५ च्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास सव्वादोन पट! हिशेबात मात्र आदळतानाचा वेग घ्या; हवेत तो घटत जातो. कोनही मोजा: पँथरचा पुढचा ८० मिमी पत्रा उभ्या रेषेपासून ५५ अंश कललेला, त्यामुळे समोरून आलेल्या गोळ्याला सुमारे १४० मिमी पोलाद लागतं. वेग वाढवला की भागलं, असंही नाही. टोकावर संरक्षक धातूची टोपी नसलेला गोळा पृष्ठभाग कठीण केलेल्या पत्र्यावर फार वेगात आदळला, तर स्वतःच फुटतो. हीट (HEAT) गोळ्याला, म्हणजे वेगाने नव्हे तर स्फोटातून निघणाऱ्या धातूच्या झोताने चिलखत भेदणाऱ्या गोळ्याला, हे वेगाचं गणित लावूच नका.