कपाटाची किल्ली मागायला आलेला पुतण्या

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझी आत्या गेल्या महिन्यात अंबाजोगाईला वारली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लेकरूबाळ नव्हतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, आधीच गेले आणि मामांच्या आई त्यांच्याही आधी. शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी परभणीहून येऊन राहिले, तिचं सगळं केलं. तेराव्याला मामांचा पुतण्या केजहून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “घर आमच्या काकांचं आहे, कपाटाची किल्ली द्या.”

कपाटात बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ आहे. दोन्ही माझ्या आजोबांनी तिच्या लग्नात घातल्या होत्या. चांदीचे देवांचे टाक आहेत, एक जुनी हिमरू शाल आहे, माळ्यावर तांब्याचं घंगाळ आहे. सोन्याच्या पाटल्या मागच्या दिवाळीला तिनं स्वतः माझ्या हातात घातल्या, तेव्हा शेजारच्या काकू तिथंच होत्या. तिच्या डायरीत “बोरमाळ भाचीला, पुतळ्यांची माळ वहिनीला” असं लिहून खाली सही आहे, साक्षीदार मात्र कुणी नाही. बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी मी आहे. गंगाखेडजवळची दीड एकर जमीन आजोबांच्या पश्चात वारसानं तिच्या नावावर आली. माझे वडील हयात नाहीत. आई, भाऊ आणि मी आहोत. धाकटी आत्या हिंगोलीला असते. मामांचे भाऊ सगळे गेले, औशाला त्यांची एक बहीण आहे, ऐंशीच्या घरातली. यातलं कोणाचं काय?

— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, किल्ली पुतण्याला देऊ नका. आणि तुम्हीही ते कपाट एकटीनं उघडू नका.

पुतण्या ज्या आवाजात बोलला त्यावरून त्याला वाटतंय की काकांचं ते सगळं आपलं. तसं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. मूलबाळ आणि नवरा नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली, तर कलम १५ प्रमाणे तिची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आता नवऱ्याचे वारस कोण, ते बघताना मामांची बायको, मुलं, आई यांच्यापैकी कुणी नाही म्हटल्यावर वर्ग दोनची यादी उघडावी लागते. त्या यादीत नोंदी एकाखाली एक आहेत आणि वरच्या नोंदीतलं एकही माणूस हयात असेल तर खालच्याला काहीच मिळत नाही. मामांचे वडील पहिल्या नोंदीत, भाऊ-बहीण दुसऱ्या नोंदीत, पुतणे आणि भाचे चौथ्या नोंदीत. मामांचे वडील आता नसणार हे धरून चालते. मग औशाच्या नणंदबाई हयात असताना पुतण्या वारसच ठरत नाही. “माझ्या बापाच्या जागी मी” असंही त्याला म्हणता येत नाही, कारण वर्ग दोनमध्ये गेलेल्या भावाच्या जागी त्याची मुलं येत नाहीत. घर मामांकडून आत्याला आलं, तेही त्याच नणंदबाईंकडे जाईल. हे त्या पुतण्याला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. तुम्ही सांगू नका, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला किंवा तिथल्या वकिलाला सांगू द्या.

पुढचं वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण ते लपवून उपयोग नाही. लग्नात आजोबांनी घातलेल्या दोन्ही माळा आत्याच्या पूर्ण मालकीच्या होत्या. कायदा मात्र त्या माहेरी परत पाठवत नाही. आईवडिलांकडून वारसानं आलेली मालमत्ता, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे जाते. लग्नातला दागिना ही भेट आहे, वारसा नव्हे. म्हणून त्या माळा, तिच्या पगारातली बचत, पेन्शनमधून साठवलेलं, सगळं नवऱ्याच्या वारसाकडे. सेवा कोणी केली हे कायदा विचारत नाही.

मला या कलमाचा राग येतो आणि तो मी या सदरात आधीही लिहिलाय. सर्वोच्च न्यायालयापुढे एका बाईचं प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत ती विधवा झाली, सासरच्यांनी हाकलून दिलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. मृत्युपत्र न करता गेली, तेव्हा तिच्या स्वतःच्या कमाईवर तिच्या आईनं हक्क सांगितला. २००९ च्या निकालात ती कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेली. न्यायालयाचं म्हणणं, कायदा स्पष्ट आहे, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी विधी आयोगानं आपल्या २०७ व्या अहवालात हे कलम बदलायची शिफारस केली होती. आपल्याकडे आयुष्यभर स्वतःच्या पगारावर जगलेल्या, लेकरं नसलेल्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाई आहेत. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट कुणी पोचवत नाही.

पाटल्यांचं वेगळं आहे. त्या आत्यानं जिवंतपणी स्वतःच्या हातानं तुम्हाला घातल्या. अंगावरच्या वस्तूची भेट हाती दिली की पूर्ण होते, त्याला स्टँप लागत नाही की नोंदणी लागत नाही. त्या तुमच्याच आहेत. शेजारच्या काकूंनी बघितलंय, तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून, तारीख-सही घेऊन ठेवा.

डायरीतलं पान हे मृत्युपत्र नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. पण दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या केलेल्या असल्याच पाहिजेत. तुमच्या आत्याला कुणी एवढंच सांगितलं असतं, शेजारच्या काकू आणि आणखी एक जण सहीला बसले असते, तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं. तरी ते पान फाडू नका, त्यात काही भर घालू नका. मूळ डायरी तशीच जपा आणि तिची झेरॉक्स काढा. कोर्टात त्याचा जोर नाही, माणसासमोर आहे.

आणि ते माणूस म्हणजे औशाच्या नणंदबाई. तुमच्या पत्रात त्या एका ओळीत येतात, पण सगळ्या गोष्टीची चावी त्यांच्याकडे आहे. त्यांना फोन करून नुसतं कळवू नका, स्वतः जा. भावजयीचे शेवटचे दिवस कसे गेले, ते सांगा. डायरीचं पान दाखवा. तुमच्या पत्रावरून मला असं दिसतं की तुम्हाला सोन्याच्या किमतीपेक्षा आत्यानं आपलं नाव लिहून ठेवलं याचं मोल जास्त आहे. हे त्यांना अगदी असंच सांगा. ऐंशीच्या घरातल्या, कितीतरी जणांना पोचवून आलेल्या बायका असल्या गोष्टी आपल्यापेक्षा लवकर ओळखतात, हे मी लातूरच्या कोर्टात वर्षानुवर्षं बघितलंय. त्यांनी बोरमाळ उचलून तुमच्या हातात दिली, की तीही तुमची झाली. त्यांची एक सही केलेली चिठ्ठी घेतली की पुढे पुतण्याला बोलायला जागा उरत नाही. त्यांनी नाही म्हटलं, तर मात्र माळा त्यांच्या. मग भांडू नका.

कपाट त्यांच्यासमोर उघडा, त्यांना प्रवास झेपत नसेल तर त्यांनी पाठवलेल्या माणसासमोर. प्रत्येक वस्तूचा फोटो घ्या, यादी लिहा, सोन्याचं वजन सराफाकडून करून घेऊन यादीतच टाका, खाली दोन पंचांच्या सह्या घ्या. टाक, शाल, घंगाळ यांच्यावर लोक सोन्यापेक्षा जास्त भांडतात, कारण त्यांची किंमत काढता येत नाही. टाक सासरच्या देवांचे असतील तर ते त्या घराण्यात जाऊ द्या, असं माझं मत आहे. शाल मागून घ्या.

बँकेचं ऐका. नॉमिनी म्हणून बँक ठेवीची रक्कम तुमच्या हाती देईल, पण तुम्ही तिच्या मालक होत नाही. ती वारसांसाठी सांभाळायची असते, आणि हे सर्वोच्च न्यायालयानं बँक ठेवींबाबत २०१० मध्ये सांगितलेलं आहे. त्यातून दवाखान्याचा शेवटचा आणि अंत्यविधीचा रास्त खर्च आधी वजा करता येतो. औषधांच्या, रुग्णवाहिकेच्या, लाकडांच्या पावत्या जमवा आणि हिशेब नणंदबाईंना दाखवा. तिचं एटीएम कार्ड कुणी वापरत असेल तर आजच थांबवा. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला आणि बँकेला मृत्यूचं कळवा. खात्यात जास्तीची पेन्शन जमा झाली असेल तर ती परत करावी लागेल.

आता जमीन. इथं माहेरचा हक्क आहे. दीड एकर वडिलांकडून वारसानं आलेली, म्हणून ती आजोबांच्या वारसांकडे जाईल. आजी हयात नसतील असं धरते. दीड एकर म्हणजे ६० गुंठे. धाकट्या आत्याला ३० गुंठे आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याचे ३० गुंठे तुमची आई, भाऊ आणि तुम्ही यांच्यात सारखे, प्रत्येकी १० गुंठे. हिंगोलीच्या आत्याला विसरून अर्ज करू नका. आपल्याकडे बहिणीचं नाव राहून जातं आणि मग वीस वर्षांनी तिची मुलं दावा लावतात.

वारस नोंदीचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत गंगाखेड भागाच्या तलाठ्याकडे द्यायचा. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा तर लागतोच. त्याबरोबर आजोबांच्या पश्चात आत्याचं नाव लागलं तो जुना फेरफार काढून जोडा, कारण जमीन माहेरची आहे हे तोच कागद सांगतो. तो नसला तर “बाईचं लग्न झालं होतं, सासरचे वारस आणा” असं म्हणून अर्ज बाजूला पडू शकतो. नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात. पुतण्यानं तिथं हरकत घेतली तर लेखी उत्तर द्या, तोंडी बोलू नका. फेरफारानं मालकी ठरत नाही हे खरं, पण तुमची नावं सातबाऱ्यावर आली की पीककर्ज, विमा, अनुदान तुमच्या नावानं सुरू होतं आणि बाकीचे वाद दूर ठेवता येतात. एक महिना झालाच आहे. धाकट्या आत्याची सही लागेल, तर हिंगोलीची फेरी या आठवड्यातच करा.