दगडी घरातलं वाय-फाय: महागडा राउटर घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात शनिवार पेठेत जुनं दगडी घर, फायबरवाल्यानं वाय-फायचा डबा ओसरीवर मीटरशेजारी ठोकलाय, प्लॅन १०० एमबीपीएसचा, आणि मागच्या माडीवर लेकीच्या ऑनलाइन क्लासला वाय-फायची जेमतेम एक काडी. दुकानदार सांगतोय, सहा अँटेनांचा राउटर घ्या, घरभर रेंज येईल. घ्यावा का?

घेऊ नका. माझं माहेर तुमच्यापासून लांब नाही, व्यंकटपुरा पेठेत. तीच काळ्या दगडाची आणि मातीची भिंत, खिडकीत मांडी घालून बसता येईल एवढी रुंद. टेप लावून मापली तर सव्वादोन फूट भरली. ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत अशा दोन भिंती आहेत. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये जो राउटर तीन खोल्या सहज सांभाळतो, तो इथे माजघराच्या पुढे जात नाही.

अँटेना वाढवून का भागत नाही ते सांगते. वाय-फाय म्हणजे दोघांचं बोलणं आहे. राउटर मोठ्यानं बोलला आणि माडीवरच्या मोबाईलला ते ऐकू गेलं, तरी मोबाईलचं उत्तर परत यायला हवं ना? मोबाईलची अँटेना बोटाएवढी, बॅटरी लहान. त्याचा आवाज त्याच दोन भिंतींत विरतो. मग काड्या चार दिसतात आणि क्लास तरीही अडकतो. पैसे जातात आणि लेक पुन्हा जिन्यात येऊन बसते.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. लॅपटॉप केबलनं थेट डब्याला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड बघा. ९०च्या पुढे आला तर बाहेरची लाइन ठीक आहे, कंपनीशी भांडून हाती काही लागणार नाही. ३०-४० आला तर दुसरी केबल लावून बघा, आणि तरीही तेवढाच असेल तर मग तक्रार करा.

लाइन ठीक निघाली की मोबाईलवर वाय-फाय मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि घरभर हळूहळू फिरा. सिग्नलचा आकडा उणेमध्ये दिसेल. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७च्या आसपासपर्यंत व्हिडिओ क्लास नीट चालतो. उणे ८० झालं की तुटायला लागतो. हा आकडा तीनानं घसरला की ताकद निम्मी झाली असं समजा. आमच्याकडे ओसरीवर उणे ४२ होता, माजघराचा उंबरा ओलांडला की उणे ६१, मागच्या खोलीत उणे ८४. एका उंबऱ्यात एवढी घसरण बघितल्यावर रोग कळला.

आता डब्याची जागा. मीटरशेजारी डबा बसवणं फायबरवाल्याच्या सोयीचं असतं, तुमच्या नाही. फायबरची बारीक वायर घरात आणखी आत नेता येते, मात्र ती त्यांच्याच माणसाकडून न्यायची. काचेचा धागा आहे, काटकोनात मुडपला की प्रकाश पुढे जात नाही. डबा माजघरात, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाटामागे, आरशामागे, पाण्याच्या पिंपाशेजारी नको. देवळीतही ठेवू नका. ती दिसायला सोयीची, पण तिथे डबा तीन बाजूंनी दगडात गाडल्यासारखाच असतो. अँटेना उभी असेल तर सिग्नल तिच्या चहूबाजूंना मेदूवड्यासारखा पसरतो, वर-खाली कमी जातो. त्यामुळे माडीसाठी एक अँटेना आडवी करा. कडीपाट आणि त्यावरची माती दगडी भिंतीपेक्षा पुष्कळ कमी अडवते, तेव्हा खालून वर जाणं हाच तुमच्या घरातला सोपा रस्ता आहे.

बऱ्याच डब्यांची वाय-फायची दोन नावं दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५चं. ५ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतं. २.४ लांब जातं, मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राउटरही तिथेच गर्दी करतात. पेठेत घराला घर लागून आहे, त्यामुळे सेटिंगमध्ये २.४चा चॅनल आपोआपवर सोडू नका. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्यातला मोकळा असेल तो निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा.

एवढं करून माडीवर उणे ६७ मिळालं तर थांबा, पुढचं काही करू नका. नाहीच मिळालं तर डब्यापासून माडीपर्यंत केबल ओढायची आणि तिथे दुसरा राउटर लावायचा.

इथे माझी एक चूक सांगते. मी आधी रिपीटर आणला, सॉकेटमध्ये खोचायचा तो. आणि खोचला कुठे? मागच्या खोलीत, जिथे सिग्नल मुळातच मेला होता. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर लावावा लागतो, आणि बहुतेक रिपीटर एकाच लहरीवर ऐकतात आणि बोलतात, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. बिनवायरच्या मेशलाही, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन राउटरच्या संचालाही, शेवटी मधल्या भिंती भेदाव्याच लागतात.

केबल कॅट-६ घ्या, शुद्ध तांब्याची. स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, ती वाकवताना तुटते. १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला ३० पुरेल. दगडी भिंतीला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, माती ढासळते. आम्ही माजघराच्या झरोक्यातून बाहेर काढली, मागच्या भिंतीनं पीव्हीसी पट्टीतून वर नेली आणि माडीच्या खिडकीच्या चौकटीतून आत घेतली. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत घरात येण्याऐवजी तिथेच ठिबकून जाईल. साताऱ्याच्या जुलैत हा वीतभर झोळ फार कामाला येतो. विजेच्या वायरीच्या पाइपातून मात्र केबल कधीही नेऊ नका.

टोकांना प्लग बसवून घेताना रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. माझ्या भावानं एका टोकाला निळा आणि हिरवा अदलाबदल केले होते. डब्यावरचा दिवा लागेना, तासभर आम्ही राउटरलाच दोष देत बसलो.

माडीवर नवा राउटर लागत नाही, कपाटात पडलेला जुना चालतो. मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, म्हणजे तो कोरा होईल. मोठ्या केबलला जोडण्याआधी लॅपटॉपवरून त्याच्या सेटिंगमध्ये शिरा. 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तर तो निवडा आणि तो सांगेल तसं करा. नसेल तर त्याचा पत्ता बदला. खालचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, खालचा डबा मोबाईल-लॅपटॉपना जे पत्ते वाटतो त्यांच्या यादीत नसलेला. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. पत्ते वाटण्याचं काम घरात एकानंच करायचं. दोघं वाटायला लागले की मोबाईल जोडला जातो आणि इंटरनेट मात्र चालत नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड खालचाच द्या, चॅनल वेगळा ठेवा. मग खालून आलेली केबल त्याच्या लॅन भोकात लावा, वॅनमध्ये नव्हे. बस्स. लेक जिना चढली की मोबाईल बहुतेक वेळा आपणहून वरच्या राउटरला लागेल. खालचाच धरून बसला तर एकदा वाय-फाय बंद-चालू करायचं.

पासवर्डचं थोडक्यात. डब्याखालच्या स्टिकरवरचे दोन्ही पासवर्ड बदला, वाय-फायचाही आणि सेटिंगचाही. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डशिवाय बटण दाबून जोडायची सोय, बंद. पाहुण्यांसाठी गेस्टचं वेगळं नाव चालू करा.

वीज गेली की क्लास बंद पडू नये म्हणून १२ व्होल्टचे दोन मिनी यूपीएस घ्या, एक खाली, एक माडीवर. त्याआधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, काही जुने राउटर ९ व्होल्टचे असतात. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की दोन्ही प्लग काढा, लॅन केबलही सोडवा. फायबर काचेचं आहे, त्यातून वीज येत नाही. ती येते सॉकेटमधून आणि भिंतीबाहेरच्या तांब्याच्या केबलमधून.

आणि माजघरातल्या प्लगवर पांढरी पट्टी चिकटवून ठळक अक्षरात 'वाय-फाय, काढू नये' असं लिहा. आमच्या आईनं पहिल्याच आठवड्यात मिक्सरसाठी तो प्लग काढला होता, आणि वर भाचीची तोंडी परीक्षा चालू होती.