‘इल्युमिनेटेड’ कुराण म्हणजे सचित्र कुराण का?

प्रश्न असा आहे : ‘इल्युमिनेटेड कुराण’ मराठीत कसे लिहावे, ‘सचित्र कुराण’ चालेल का?

नाही चालणार. सचित्र म्हटले की माणसे, प्राणी, प्रसंग डोळ्यांपुढे येतात आणि कुराणाच्या हस्तलिखितांत नेमके तेच नसते. तिथे असते वेलबुट्टी, भौमितिक गुंफण आणि सोने. ‘प्रकाशित’ही नको, त्याचा अर्थ ‘छापून बाहेर आलेले’ असा पक्का झाला आहे.

अरबीत या कामाला तजहीब म्हणतात. जहब म्हणजे सोने. सोन्याचे काम ती तजहीब, ते करणारा मुजह्हिब. मजकूर लिहिणारा बहुधा दुसराच असे. कैरोत १३०४ ते १३०६ या काळात झालेले, बैबर्स या मामलूक सरदाराचे (पुढे इजिप्तचा सुलतान) सात खंडांचे कुराण (आज ब्रिटिश लायब्ररीत) लिहिले मुहम्मद इब्न अल-वहीदने, तर मुख्य मुजह्हिब होता अबू बक्र ऊर्फ संदल.

आपला ‘मुलामा’ मूळचा अरबीच, पण मराठीत त्याला आत एक, बाहेर एक अशी छटा चिकटली आहे. ‘वर्ख’ मात्र अवश्य वापरावा. अरबी वरक म्हणजे पान, आणि कामाची सुरुवातही वर्खापासूनच होते. सोन्याचा वर्ख बशीत डिंकाच्या दाट पाण्यात किंवा मधात बोटाने कित्येक तास खलायचा. मग पाणी घालून सोने तळाशी बसू द्यायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे, असे अनेकदा. उरलेल्या सोन्यात पातळ सरस मिसळला की ते कुंचल्याने लावता येते. वाळल्यावर अकीक या गुळगुळीत दगडाने घोटतात. मराठीतले ‘घोटणे’ इथे अगदी चपखल बसते. सरस जास्त झाला तर सोने मंद दिसते, कमी पडला तर घोटताना निघून येते. ओल असताना घोटले तरी तेच. हिरव्यासाठी वापरलेला जंगाल तर कालांतराने कागदच खातो, कारण तो तांब्याचा क्षार.

‘अलंकृत’ हा शब्द बरा, पण अपुरा. आयत (कुराणातले वचन) संपल्याचे सोनेरी फूल, समासात दर पाच-दहा आयतींची खूण, सूरेचा (अध्यायाचा) मथळा, ही नक्षी नुसती शोभेची नसते, वाचणाऱ्याला वाट दाखवते.

म्हणून सर्वसाधारण लेखनात ‘सोनेरी नक्षीकामाचे कुराण’ लिहावे, कलेच्या इतिहासात सरळ ‘तजहीब’. आणि हातातल्या लिखित प्रतीला अरबीत मुसहफ म्हणतात, तेव्हा ‘तजहीब केलेला मुसहफ’ हे सर्वांत नेमके.